ग्रे यांच्या ग्रंथामागचा कार्टर: साताऱ्यात नऊ वर्षं सूक्ष्मदर्शक घेऊन राहिलेला डॉक्टर

नेहरूनगरच्या जेएनएमसीत शिकणारा असो की बिम्समध्ये, बेळगावच्या मेडिकल विद्यार्थ्याला ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हे नाव कुणी समजावून सांगावं लागत नाही. दीडशेहून जास्त वर्षं हे पुस्तक चालत आलंय. हेन्री ग्रे कोण, हेही बहुतेकांना माहीत असतं. पण त्या पुस्तकाची कीर्ती ज्या चित्रांमुळे झाली, ती ३६३ चित्रं काढणारा माणूस वेगळाच होता. पुस्तक बाजारात आलं तेव्हा तो लंडनमध्ये नव्हताही. तो मुंबईत होता. पुढची तीस वर्षं, मधल्या रजा सोडल्या तर, त्याने मुंबई इलाख्यातच काढली. आपला बेळगाव जिल्हा त्या वेळी याच इलाख्यात होता. त्यातली नऊ वर्षं साताऱ्यात गेली. निपाणीहून पुण्याला जाणारी एसटी ज्या साताऱ्यावरून जाते, तेच सातारा.

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर असं या डॉक्टरचं नाव. जन्म २२ मे १८३१, इंग्लंडमधल्या हल गावचा. वडील हेन्री बार्लो कार्टर जलरंगात चित्रं काढायचे, स्कार्बरोच्या समुद्रकाठी त्यांचं बिऱ्हाड होतं. मोठ्या चित्रकाराचं नाव मुलाच्या नावात घालण्याइतका चित्रकलेचा सोस त्या घरात होता. मुलगा मात्र वैद्यकीला गेला. १८४७ मध्ये तो लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाला. हात चित्रकाराचा आणि शिक्षण डॉक्टरचं, हा जोड फार दुर्मीळ. तिथल्याच हेन्री ग्रे यांनी तो लगेच हेरला.

ग्रे यांनी प्लीहेवर निबंध लिहिला, त्यातली चित्रं कार्टर यांनी काढून दिली. निबंधाला मोठं बक्षीस मिळालं. छापील पुस्तकात मात्र कार्टर यांचे आभारसुद्धा नव्हते. पुढच्या मोठ्या प्रकरणाची ही नांदीच म्हणायची.

मधल्या काळात, १८५३ पासून, कार्टर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जॉन क्वेकेट यांच्या हाताखाली शिकले. क्वेकेट म्हणजे त्या काळचे सूक्ष्मदर्शकाचे मोठे जाणकार. सूक्ष्मदर्शक कसा वापरावा यावर त्यांचं १८४८ चं पुस्तक होतं. या विद्येची पहिली पायरी अशी, की दिसलेली वस्तू नुसती हुबेहूब काढून भागत नाही. ती किती पट मोठी करून काढली हे ठाऊक पाहिजे, आणि त्यावरून ती मुळात केवढी आहे हे काढता आलं पाहिजे. गावच्या सर्व्हे नकाशावर प्रमाण लिहिलेलं नसेल तर बांध किती फुटांवर आहे ते कळणार कसं? सीमाभागात नकाशाचं मोल वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की नकाशा मोठ्याचं लहान करतो आणि सूक्ष्मदर्शक लहानाचं मोठं.

हिशोब तसा तिसरी-चौथीतल्या भागाकाराचा. चित्रातलं माप भागिले पट, म्हणजे खरं माप. अडचण येते ती पट ठरवताना. आज अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजच्या प्रयोगशाळेत (कॉलेज महाराष्ट्रात आणि निपाणी कर्नाटकात, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ) विद्यार्थी डोळ्याजवळचं भिंग १० पट आणि खालचं ४० पट, म्हणून एकूण ४०० पट असं लिहून मोकळा होतो. डोळ्याने बघण्यापुरतं ते ठीक आहे. पण कागदावर चित्र काढलं की ते ४०० पटच राहील असं नाही. कागद भिंगापासून किती लांब आहे, नळी किती ओढली आहे, यावर चित्राचा आकार बदलतो. म्हणून त्या काळची रीत वेगळी होती. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा नावाचं छोटं लोलकाचं साधन बसवायचं. त्यातून काचपट्टीवरची वस्तू आणि टेबलावरचा कागद दोन्ही एकाच वेळी डोळ्याला दिसतात, आणि वस्तूच्या कडेवरून पेन्सिल फिरवता येते. चित्र झालं की काहीही न हलवता ती काचपट्टी काढायची आणि तिच्या जागी बारीक रेघा कोरलेली मोजपट्टीची काच ठेवायची. त्या रेघाही त्याच कागदावर गिरवायच्या.

समजा, मिलिमीटरचा दहावा भाग कागदावर ४० मिलिमीटर भरला. म्हणजे पट झाली ४००. त्याच कागदावर रक्तातली एक तांबडी पेशी ३ मिलिमीटर रुंद आली असेल, तर ३ भागिले ४००, म्हणजे ०.००७५ मिलिमीटर. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, तेव्हा ही पेशी साडेसात मायक्रॉनची. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत हेच माप इंचाचा सुमारे ३,२०० वा भाग असं दिलेलं असायचं. हिशोब करून बघितला तर दोन्ही जवळपास जुळतात. ही तांबडी पेशी हाच मग सूक्ष्मदर्शक्याचा घरचा गज. रक्तात दुसरं काही दिसलं, की ते तांबड्या पेशीच्या किती पट लांब, किती बारीक, हे आधी बघायचं.

१८५६-५७ मध्ये ग्रे आणि कार्टर यांनी शवविच्छेदन करत करत शरीररचनेचा मोठा ग्रंथ तयार केला. मजकूर ग्रे यांचा, चित्रं कार्टर यांची. चित्र थेट लाकडी ठोकळ्यावर, आणि तेही उलटं काढायचं, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं. कार्टर यांनी आणखी एक गोष्ट केली. त्या वेळी चित्रातल्या भागांना आकडे देऊन नावं खाली वेगळी लिहायची पद्धत होती. त्यांनी शिरेचं नाव शिरेवरच, स्नायूचं स्नायूवरच लिहिलं. विद्यार्थ्याला वर-खाली शोधावं लागेना. पुस्तक चाललं त्याचं मोठं कारण हे आहे.

आणि एवढ्या मापाच्या माणसाच्या हातून घोळ झाला तो नेमका मापाचाच. ठोकळे कोरायची वेळ आली तेव्हा ध्यानात आलं, की ठरलेल्या पानाच्या मानाने बरीच चित्रं मोठी झाली आहेत. दोष एकट्या कार्टर यांचा होता की माप नीट न कळवणाऱ्यांचा, हा वाद आता कुणी मिटवू शकत नाही. पण शेवटी जुळवून घ्यावं लागलं, आणि चित्रं मोठी राहिली हे विद्यार्थ्यांच्या पथ्यावरच पडलं.

दुसरं माप मात्र जाणूनबुजून बदललं गेलं. मुखपृष्ठानंतरच्या पानाची कच्ची प्रत ग्रे यांच्याकडे आली. त्यात कार्टर यांचं नाव ग्रे यांच्या नावाच्या तोडीच्या अक्षरांत होतं, आणि खाली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधलं त्यांचं नवं पद. ग्रे यांनी अक्षरं लहान करायला सांगितली आणि ते पद खोडलं. मुंबईचं नाव त्या पानावर येता येता राहिलं. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे मानधन ठरलं होतं. कार्टर यांना एकरकमी १५० पौंड मिळाले आणि विषय संपला. त्या पैशांतून त्यांनी काय घेतलं? सूक्ष्मदर्शक. तो बरोबर घेऊन ते १८५८ च्या सुरुवातीला मुंबईला आले. ग्रे पुढे १८६१ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी देवीने वारले. पुस्तकाला त्यांचं नाव कायमचं चिकटलं.

कार्टर यांनी याबद्दल चारचौघांत आरडाओरडा केल्याचं दिसत नाही. स्वभाव आतल्या गाठीचा, धार्मिक आणि स्वतःवर सतत नाराज. तरुणपणी लिहिलेल्या त्यांच्या रोजनिश्या लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. मुंबईत लग्न झालं, पण संसार लाभला नाही. मग राहिलं काम.

ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवायला लागले. भाऊ दाजी लाड ज्या कॉलेजच्या पहिल्या तुकडीत शिकले, तेच हे कॉलेज. इथे त्यांच्यापुढे एक आजार आला, जो विलायतेत कुणी बघितला नव्हता. रोगी बहुतेक अनवाणी चालणारे शेतकरी. पायात काटा मोडतो, तो भाग हळूहळू सुजतो, वर्षानुवर्षं पाय फुगत जातो, भोकं पडतात आणि त्यांतून पू येतो. पुवात बारीक दाणे. कुणाचे काळे, बंदुकीच्या दारूसारखे, तर कुणाचे पिवळट पांढरे, माशाच्या अंड्यांसारखे. मद्रासकडे याला मदुरेचा पाय म्हणायचे. बाभळीच्या काट्याचं दुखणं आपल्या भागात कुणाला नवीन नाही, पण हे प्रकरण पाय कापण्यापर्यंत जायचं.

कार्टर यांनी ते दाणे फोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. आत गुंतलेल्या तंतूंचं जाळं होतं. हा बुरशीचा रोग आहे असं त्यांनी मांडलं आणि त्याला मायसेटोमा हे नाव दिलं. तेच नाव आज जगभर वापरतात. १८७४ मध्ये त्यांनी या रोगावर रंगीत चित्रांसह स्वतंत्र ग्रंथ काढला. तोपर्यंत सातारा झालं होतं. १८६३ ते १८७२ ते तिथे सिव्हिल सर्जन होते. बेळगावला रेल्वे यायला अजून दोन दशकांहून जास्त वेळ होता. लंडनच्या प्रयोगशाळांपासून इतक्या लांब, रोजची ओपीडी सांभाळून हे काम चाललेलं.

इथे मापाचा हिशोब नुसता परीक्षेपुरता कसा राहत नाही ते बघण्यासारखं आहे. काळे दाणे आणि पिवळे दाणे हे दोन प्रकार कार्टर यांनी वेगळे नोंदले, पण दोन्ही त्यांना बुरशीचेच वाटले. विसाव्या शतकात कळलं की यातले काही दाणे बुरशीचे नसून तंतूसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंचे असतात. ओळखायचं कशावरून? पहिली खूण तंतूच्या जाडीची. खऱ्या बुरशीचा तंतू साधारण २ ते ५ मायक्रॉन जाड. जिवाणूचा एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. हजार पट काढलेल्या चित्रात एक तंतू ४ मिलिमीटर येईल आणि दुसरा मिलिमीटरभरही भरणार नाही. पण पट लिहिलेली नसेल, तर दोन्ही चित्रं सारखीच दिसतात, दोऱ्यांचा गुंता. आणि उपचार पूर्ण वेगळे. बुरशीवर बुरशीची औषधं महिनोन्‌महिने द्यावी लागतात, जिवाणूवर अँटिबायोटिक चालतं. भागाकार चुकला तर औषध चुकतं, आणि औषध चुकलं तर पाय जाऊ शकतो.

१८७२ मध्ये ते लांब रजेवर गेले. रजा कसली, त्यातही नॉर्वेला जाऊन महारोगाचा अभ्यास केला. त्याच सुमाराला तिथे हॅन्सन यांना महारोगाचा जंतू दिसला होता. परत आल्यावर काठियावाडात महारोग्यांची पाहणी केली. हे काम मोठं आहे आणि त्यावर वेगळं लिहावं लागेल.

कार्टर यांची खरी कसोटी लागली १८७७ मध्ये.

१८७६ चा पाऊस गेला. दख्खन आणि कर्नाटकात मोठा दुष्काळ पडला. सोलापूर, कलादगी म्हणजे आजचं विजापूर-बागलकोट, धारवाड, बेळगावचा पूर्वेकडचा कोरडवाहू पट्टा, सातारा, पुणे, सगळीकडे तीच गत. गुरं मेली, माणसं गाव सोडून निघाली, आणि त्यातली बरीच मुंबईला पोचली. उपाशी, दाटीवाटीने राहणारी, अंगावरच्या कपड्यानिशी आलेली. १८७७ मध्ये मुंबईत तापाची साथ सुरू झाली. पाच-सात दिवस जोराचा ताप, मग घाम येऊन एकदम उतरतो. घरच्यांना वाटतं सुटला. आठवड्याने पुन्हा तसाच चढतो.

त्या काळी आपल्याकडे ताप म्हटलं की हिवताप समजायचा आणि क्विनीन द्यायचं. युरोपात दुष्काळामागून येणारा उलटून येणारा ताप ठाऊक होता. तो हिंदुस्थानात नसतोच असं म्हणणारे डॉक्टरही पुष्कळ होते. बर्लिनच्या ओटो ओबरमायर यांनी १८६८ मध्ये अशा रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखा वळणावळणाचा, हलणारा जीव पाहिला होता. १८७३ मध्ये त्यांनी ते छापलं, आणि त्याच वर्षी पटकीने ते गेले.

कार्टर यांनी मुंबईतल्या तापकऱ्यांचं रक्त बघायला घेतलं. हे वाचायला जितकं सोपं, तितकं करायला नव्हतं. हा जीव लांबीला तांबड्या पेशीच्या दोन-तीन पट, म्हणजे वीस मायक्रॉनच्या आसपास. पण जाडीला मायक्रॉनचा तिसरा हिस्सा धरा. चारशे पट काढलेल्या चित्रात तो ८ मिलिमीटर लांब येईल आणि रुंदी जेमतेम ०.१३ मिलिमीटर, टाचणीने ओढलेल्या रेघेसारखी. साध्या उजेडाच्या सूक्ष्मदर्शकाला जे दिसू शकतं त्याच्या अगदी कडेवरचं हे माप. शिवाय तो रक्तात सापडतो तापाच्या दिवसांत. ताप उतरला की दिसेनासा होतो. म्हणजे रोगी बरा वाटतो त्या दिवशी रक्त घेतलं तर काहीच नाही, आणि डॉक्टर म्हणणार हा तो ताप नव्हेच.

कार्टर यांनी रोज-रोज, रोग्यामागून रोगी, तापाच्या तक्त्यासोबत रक्ताची नोंद ठेवली. ताप चढलेला असताना जंतू हजर, उतरला की गायब, उलटला की पुन्हा हजर. हा मेळ बसल्यावर वाद घालायला फारशी जागा राहिली नाही. रोग्याचं रक्त माकडांना टोचून त्यांच्यातही तोच ताप आणि तोच जंतू त्यांनी दाखवला. १८८२ मध्ये या सगळ्याचा ग्रंथ ‘स्पिरिलम फीव्हर’ या नावाने निघाला. दुष्काळात गाव सोडलेल्या माणसांचे ताप त्यात एकेक करून नोंदलेले आहेत. त्यांच्या मरणाला निदान नेमकं कारण तरी मिळालं. नाहीतर सरकारी तक्त्यात नुसतं ताप एवढंच आलं असतं.

त्या ग्रंथातल्या चित्रांकडे आज मोबाइलवर कुणी पाहिलं तर एक जुनीच गंमत पुन्हा होते. जुन्या चित्राखाली अमुक पट असं लिहिलेलं असतं. ते खरं असतं छापील पानापुरतं. तेच चित्र मोबाइलच्या पडद्यावर निम्म्या आकारात आलं, की ४०० पटीचं २०० पट होतं, आणि दोन बोटांनी ताणलं की आकडा पुन्हा बदलतो. खालची ओळ मात्र ४०० च सांगत राहते. म्हणून हल्ली चित्राच्या कोपऱ्यात छोटी आडवी रेघ देतात, १० मायक्रॉन वगैरे लिहिलेली. चित्र लहान झालं की रेघही लहान होते, त्यामुळे प्रमाण बिघडत नाही. वस्तू त्या रेघेच्या किती पट आहे एवढं पट्टीने मोजायचं. रेघ ५ मिलिमीटर, पेशी १५ मिलिमीटर, तर पेशी ३० मायक्रॉन. पडदा कुठलाही असो. ठोकळ्यांच्या मापावरून डोक्याला ताप झालेल्या कार्टर यांना ही युक्ती नक्की पटली असती.

पुढे ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. नोकरी संपत आली तरी सूक्ष्मदर्शक सुटला नाही. फ्रेंच डॉक्टर लाव्हेरां यांनी १८८० मध्ये अल्जीरियात हिवतापाच्या रोग्याच्या तांबड्या पेशींत परोपजीवी पाहिले होते. ते खरे की डाग, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. मुंबईच्या रोग्यांच्या रक्तात ते आहेत हे कार्टर यांनी पाहिलं आणि १८८८ मध्ये छापलं. हिंदुस्थानात हे बघणारे ते अगदी पहिल्यांपैकी. फार कुणी लक्ष दिलं नाही. रोनाल्ड रॉस यांनाही सुरुवातीला लाव्हेरां यांचं म्हणणं पटत नव्हतं. १८९४ मध्ये लंडनला मॅन्सन यांनी प्रत्यक्ष दाखवल्यावर त्यांची खात्री पटली.

१८८८ मध्येच कार्टर निवृत्त होऊन स्कार्बरोला परतले. दुसरं लग्न केलं, दोन मुलं झाली. उतारवयात थोडं घरपण मिळालं. क्षयाने त्यांना गाठलं आणि ४ मे १८९७ रोजी ते गेले.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २० ऑगस्टला, सिकंदराबादेत रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत एक गोल पेशी दिसली. व्यास साधारण १२ मायक्रॉन. दुसऱ्या दिवशी शेवटच्या डासात तशाच पेशी दिसल्या, पण त्या मोठ्या होत्या. पेशी वाढताहेत, म्हणजे त्या डासाच्या नव्हेत, हिवतापाच्या आहेत, हे माप घेतलं म्हणून कळलं.

उलटून येणारा ताप पसरतो कसा, हे मात्र कार्टर यांना हयातीत समजलं नव्हतं. ते १९०७ मध्ये नाशिकला उलगडलं. तिथल्या एका साथीत डॉक्टर मॅकी यांनी दाखवून दिलं, की तो जंतू माणसाच्या कपड्यांतली ऊ पसरवते. लांबी दोन ते चार मिलिमीटर. तिला बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.